माहीत असूनही चुकते ते

२०२५पासून राज्यसेवा मुख्य परीक्षेचे स्वरूप पार बदलले. त्याआधी बरीच वर्षे भाषेचा एक पेपर सोडला तर बाकी सगळा कारभार चार पर्यायांतून एक निवडण्याचा होता. आता महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने केंद्रीय परीक्षेच्या धर्तीवर सगळी मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली आहे. मराठी आणि इंग्रजीचे प्रत्येकी ३०० गुणांचे पात्रता पेपर, २५० गुणांचा निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन. हा बदल खरे तर २०२३मध्येच यायचा होता. पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तयारीला वेळ द्या म्हणाले आणि तो दोन वर्षे पुढे ढकलला गेला. त्या मागणीत तथ्य होते. जो हात वर्षानुवर्षे फक्त गोल काळे करत आला, त्याने एकाएकी तीन-तीन तास सलग मराठी लिहायचे, हे सोपे नाही.

आपल्याकडच्या परीक्षा मराठीची जाण दोन अगदी वेगळ्या रीतींनी तपासतात. २०२३च्या तलाठी भरतीत २०० गुणांपैकी ५० गुण मराठीला होते, २५ प्रश्न, सगळे पर्यायी. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेतही मराठी व्याकरण याच पद्धतीने येते. दुसऱ्या बाजूला दहावीच्या मराठी कुमारभारतीची ८० गुणांची कृतिपत्रिका आहे. तिच्यात २४ गुण पत्र, बातमी, जाहिरात, कथा, निबंध अशा उपयोजित लेखनाचे असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय भाषेच्या पेपरमध्ये १०० गुणांचा निबंध, ६० गुणांचे सारांशलेखन, ६० गुणांचे उताऱ्याचे आकलन, दोन्ही दिशांचे भाषांतर आणि फक्त ४० गुणांचे व्याकरण असते. तिथे २५ टक्के मिळाले नाहीत, तर बाकीच्या पेपरांचे गुण धरलेच जात नाहीत.

पहिल्या रीतीत चूक समोर मांडलेली असते, ती ओळखायची असते. दुसऱ्या रीतीत चूक आपल्याच हातून होते, आणि ती झाली हे सांगायला कोणी नसते. ही दोन कौशल्ये एक नाहीत. ‘विद्यार्थांनी’, ‘विद्यार्थ्यांनी’, ‘विद्यार्थ्यानी’, ‘विध्यार्थ्यांनी’ असे चार पर्याय दिले, तर बहुतेक उमेदवार बरोबर शब्दावर बोट ठेवतील. त्यांच्याच निबंधात तिसऱ्या पानावर मात्र ‘विद्यार्थांनी’ सापडते. अमेरिकेतल्या ‘सॅट’ परीक्षेने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. २००५मध्ये तिथे निबंध आला, २०१६मध्ये तो ऐच्छिक झाला, २०२१मध्ये सर्वसाधारण परीक्षेतून गेला, आणि आता व्याकरण पर्यायी प्रश्नांपुरते उरले आहे. तपासणी सोपी झाली, पण मूल स्वतः लिहिताना काय करते हे कळायची सोय गेली. आपला आयोग नेमका उलट्या दिशेने निघाला आहे आणि माझ्या मते त्याची दिशा बरोबर आहे. अधिकाऱ्याला पुढे आयुष्यभर टिपणी, अहवाल आणि आदेश लिहायचे असतात. तिथे पर्याय कोणी देत नाही.

मग लिहिताना होणाऱ्या या चुका कशाच्या? शिक्षक, पालक आणि खुद्द उमेदवार एका शब्दात निकाल लावतात: निष्काळजीपणा. या निकालाची खरी छाननी न्यूयॉर्कमध्ये झाली. तिथल्या सिटी कॉलेजने १९७०मध्ये प्रवेशाची दारे सर्वांना खुली केली आणि आधी लेखनाचा सराव फारसा नसलेली हजारो मुले वर्गात आली. मिना शॉनेसी या प्राध्यापिकेने त्यांचे सुमारे ४,००० निबंध बारकाईने वाचले आणि १९७७मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तिचा निष्कर्ष असा होता की या चुका सैरावैरा नाहीत, त्यांना तर्क आहे. एकच मूल एकच चूक त्याच जागी पुन्हा पुन्हा करते, कारण त्याच्या मनात एक नियम तयार झालेला असतो आणि तो पुस्तकातल्या नियमाशी जुळत नाही. म्हणजे निष्काळजीपणा म्हणून आपण जे मोजतो, त्यातला बराच भाग अर्धवट शिकलेल्या गोष्टींचा असतो.

उरलेला भाग मात्र खरोखर माहीत असूनही चुकण्याचा आहे, आणि त्याचे सर्वांत सुंदर स्पष्टीकरण फ्रेंच भाषेतल्या प्रयोगांनी दिले. फ्रेंचमध्ये क्रियापदाच्या एकवचनी आणि अनेकवचनी रूपांचा उच्चार पुष्कळदा सारखाच असतो. फरक फक्त कागदावर दिसतो. मिशेल फायोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४मध्ये सुशिक्षित प्रौढांना ‘शेजाऱ्यांचा कुत्रा येतो’ अशा धाटणीची वाक्ये लिहायला दिली. नुसते लिहायचे असले की चुका जवळपास होत नसत. त्याच वेळी आणखी काही लक्षात ठेवायला सांगितले की तीच माणसे कुत्रा विसरून शेजाऱ्यांप्रमाणे अनेकवचनी क्रियापद लिहीत. त्यांना नियम येत होता, पण त्या क्षणी त्याला द्यायला लक्ष शिल्लक नव्हते. परीक्षागृहात याहून वेगळे काय असते? मुद्दे आठवायचे, घड्याळ बघायचे, शब्दमर्यादा सांभाळायची, अक्षर सुवाच्य ठेवायचे. या सगळ्यातून उरलेले लक्ष व्याकरणाच्या वाट्याला येते.

मराठीतला नमुना पाहा: ‘पाणीटंचाईने ग्रासलेल्या गावांची संख्या दरवर्षी वाढत आहेत.’ वाढते ती संख्या आणि ती एकवचनी आहे, पण क्रियापदाजवळ पोहोचेपर्यंत लिहिणाऱ्याच्या मनात गावेच गावे असतात. कोणालाही हे वाक्य मोठ्याने वाचायला सांगा, तो ‘आहेत’पाशी अडखळेल. मराठीत हा फरक ऐकू येतो, त्यामुळे फ्रेंच माणसापेक्षा आपली सुटका सोपी आहे. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये जितके शब्द जास्त, तितका धोका जास्त. म्हणून लांब वाक्य तोडणे हा शैलीचा सल्ला असतो तसा तो व्याकरणाचाही असतो.

पण आपल्या गळ्यात दुसरी एक अडचण आहे आणि ती याहून मोठी आहे. इकार आणि उकार ह्रस्व की दीर्घ, हे मराठी कानाला नीट सांगताच येत नाही. बोलताना आपण ‘गूण’ आणि ‘वीष’ असेच म्हणतो, लिहायचे मात्र ‘गुण’ आणि ‘विष’. मराठी बोलण्यात स्वराची लांबी बहुधा शब्दातल्या जागेवरून ठरते, अर्थावरून नाही. लेखनात ती शब्द कुठून आला यावरून ठरते. म्हणजे कान एक सांगतो आणि नियम दुसरेच मागतो. उत्तरपत्रिकेतल्या चुकांचा मोठा ढीग याच फटीत साचतो. त्यामुळे ‘लिहून झाल्यावर एकदा वाचून काढ’ हा सर्वांना दिला जाणारा सल्ला इथे निकामी ठरतो. वाचणारा मनातल्या मनात ऐकतो आणि ऐकू येते ते दोन्ही प्रकारांनी सारखेच.

आज चालू असलेले लेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाने केले. शासनाने १९६२मध्ये १४ नियम मान्य केले आणि १९७२मध्ये त्यांत चारांची भर पडून ते १८ झाले. या नियमांनी जुन्या व्युत्पत्तीच्या अनुस्वारांचे ओझे उतरवले, ही मोठी सुटका होती. ह्रस्व-दीर्घाच्या बाबतीत मात्र त्यांनी संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आणि बाकीचे शब्द अशी दोन घरे ठेवली, आणि परीक्षार्थी नेमका या दोन घरांच्या उंबऱ्यावर ठेचकाळतो.

उदाहरणार्थ, ‘गरीब’ आणि ‘शरीर’. दोन्हींत उपान्त्य ‘री’ दीर्घ. प्रत्यय लागला की ‘गरिबाला’ होते, पण ‘शरीराला’ तसेच राहते. ‘वकील’चे ‘वकिलाला’, ‘जमीन’चे ‘जमिनीत’, ‘फूल’चे ‘फुलाचा’, आणि तरीही ‘वीर’चे ‘वीराला’, ‘गीत’चे ‘गीतात’. कारण पहिल्या गटातले शब्द मराठीच्या स्वतःच्या चालीने चालतात आणि दुसऱ्या गटातले संस्कृतातले रूप सोडत नाहीत. हे एकदा कळले की शंभर शब्द आपोआप जागेवर बसतात.

दुसरी जोडी आहे ‘मंत्री’ आणि ‘नदी’ यांची. एकटा असताना ‘मंत्री’ दीर्घ, पण समासाचे पहिले पद झाला की ‘मंत्रिमंडळ’, ‘मंत्रिपद’. तसेच ‘कवी’ पण ‘कविसंमेलन’, ‘बुद्धी’ पण ‘बुद्धिबळ’, ‘प्राणी’ पण ‘प्राणिसंग्रहालय’. ‘नदी’ मात्र मुळातच दीर्घ, म्हणून ‘नदीकाठ’, आणि त्याच न्यायाने ‘लक्ष्मीपूजन’. प्रशासनावरचा निबंध लिहिणाऱ्याच्या हातून ‘मंत्रीमंडळ’ दर पानाला उतरते. तिसरी जागा ‘परीक्षा’ आणि ‘परिस्थिती’. ‘परि’ ह्रस्वच आहे. ‘परीक्षा’त ‘ईक्षा’ मिसळली म्हणून दीर्घ झाले. ‘प्रतीक्षा’ आणि ‘प्रतिनिधी’ यांतही तेच. ‘महत्त्व’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांत दोन ‘त’ का आणि ‘नेतृत्व’ आणि ‘अस्तित्व’ यांत एकच का, याचे उत्तरही असेच घडणीत सापडते. ‘महत्’च्या शेवटी एक ‘त्’ आधीच आहे, त्याला ‘त्व’ जोडले. ‘नेतृ’च्या शेवटी तसा मोकळा ‘त्’ नाही.

मो. रा. वाळंबे यांच्या ‘सुगम मराठी व्याकरण व लेखन’ या पुस्तकावर स्पर्धा परीक्षांच्या पिढ्या वाढल्या. यास्मिन शेख यांनी शब्दलेखनकोश आणि लेखन-मार्गदर्शिका दिली. अरुण फडके यांनी ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ ही छोटी पुस्तिका केली, कोश केला आणि गावोगावी कार्यशाळा घेतल्या. साधनांचा दुष्काळ नाही. पण ही पुस्तके वाचली कशी जातात, ते पाहायला हवे. क्लासमध्ये वाळंबे पाठ होते ते प्रयोग, समास आणि अलंकार ओळखण्यासाठी. शुद्धलेखनाचे प्रकरण दोन गुणांचे म्हणून शेवटच्या आठवड्यात उरकले जाते. वर्णनात्मक परीक्षेत तेच प्रकरण प्रत्येक ओळीला लागू पडते.

नुसते व्याकरण शिकवून लेखन सुधारते का, या प्रश्नावर परदेशात भरपूर काम झाले आहे आणि उत्तर व्याकरणाच्या शिक्षकांना रुचणारे नाही. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांवरचे प्रयोग एकत्र करून मोजले. लेखनापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणाचा लेखनाच्या दर्जावरचा परिणाम उणे ०.३२ निघाला. छोटी वाक्ये जोडून मोठे, बांधीव वाक्य करण्याच्या सरावाचा परिणाम मात्र अधिक ०.५० होता. ते आकडे इंग्रजीचे आहेत आणि तिथले स्पेलिंग व आपले ह्रस्व-दीर्घ एकच नव्हेत, हे मान्य. तरी इशारा घ्यावा असा आहे: नियम आपल्याच वाक्यात शिकला तरच हातात उतरतो.

मोबाइलने मुलांची भाषा बिघडवली, ही तक्रार रोज कानावर येते. चुका खरेच वाढल्या का? अमेरिकेत महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या निबंधांची मोजणी वेगवेगळ्या काळी झाली आहे. दर १०० शब्दांमागे १९१७मध्ये २.११ चुका, १९३०मध्ये २.२४, १९८६मध्ये २.२६ आणि २००६मध्ये २.४५. जवळपास नव्वद वर्षांत प्रमाण फारसे हलले नाही, उलट निबंधाची सरासरी लांबी १६२ शब्दांवरून १,०३८ शब्दांवर गेली. बदलला तो चुकांचा प्रकार. स्पेलिंगच्या चुका घटल्या आणि चुकीचा शब्द वापरण्याची चूक पहिल्या क्रमांकावर आली, कारण संगणक शब्द सुचवतो आणि लिहिणारा तो तपासून न पाहता ठेवतो.

मराठीत मोबाइलचा परिणाम अशाच आडवळणाने येतो. कीबोर्ड पहिली दोन-तीन अक्षरे दाबताच शब्द पुढे करतो, त्यामुळे वेलांटी आपण स्वतः ठरवलेली नसतेच. नंतर कागदावर लिहायची वेळ आली की हाताला आठवण नसते. अर्ध्या ‘र’चा घोळ तर खास टंकलेखनाचा. ‘आचार्यांना बोलावले’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावले’ यांत एक गुरू आहे आणि दुसरा स्वयंपाकी. हाताने लिहिताना हा फरक मराठी माणूस सहसा चुकवत नाही. कीबोर्डवर ‘ऱ्य’ कुठे आहे हे ठाऊक नसल्याने ‘शेतकर्यांना’ लिहिले जाते आणि हळूहळू डोळ्याला तेच बरोबर वाटू लागते. औपचारिक लेखनात ‘केलं’ आणि ‘केले’ यांची सरमिसळ होते तीही गप्पांच्या मेसेजमधून येते. नियम सांगतो की पात्राच्या तोंडच्या बोलण्यात ‘केलं’, ‘असं’ चालेल, एरवी ‘केले’, ‘असे’. एकाच परिच्छेदात दोन्ही आली की परीक्षकाला लेखन कच्चे वाटते. हिंदीची सावलीही आहेच: ‘मला मदत कर’ऐवजी ‘माझी मदत कर’.

आता एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. सोलापूर-लातूरकडच्या घरात ‘मी काम केलो’ म्हणतात. वऱ्हाडात आणि खानदेशात ‘डोळा’ ‘डोया’ होतो, कित्येक घरांत ‘पाणी’ ‘पानी’ असते. त्या घरातला मुलगा किंवा मुलगी उत्तरपत्रिकेत ‘मी निर्णय घेतलो’ लिहिते तेव्हा ती निष्काळजी नसते. आईच्या तोंडून ऐकलेले मराठी ती इमानाने लिहीत असते. तिला ‘लक्ष देऊन लिही’ म्हणणे व्यर्थ आहे, कारण तिने कितीही लक्ष दिले तरी तिच्या कानाला ते वाक्य बरोबरच लागणार. ‘मोठ्याने वाचून बघ’ हा उपायही तिच्या कामाचा नाही. पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या घरातल्या मुलाला जे आयते मिळते, ते तिला दुसरी भाषा शिकावी तसे शिकावे लागते. तिच्या वहीवर ‘निष्काळजी’ असा शेरा मारणारा शिक्षक तिच्यावर अन्याय करतो आणि तिची खरी अडचणही त्याच्या नजरेतून सुटते. तिला हवी असते ती घरची आणि पुस्तकी अशी दोन रूपे शेजारी-शेजारी मांडून दाखवणारी वही, आणि घरचे रूप हीन नाही असे सांगणारा कोणीतरी.

तयारी करणाऱ्याने मग करायचे काय? आपल्या चुकांची वर्गवारी. आधीचे सहा-सात सराव-निबंध जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावेत आणि प्रत्येक चूक कोणत्या जातीची ते लिहावे: नियमच माहीत नव्हता, नियम माहीत होता पण हात घसरला, की बोलीतले रूप उतरले. बहुतेकांच्या बाबतीत असे दिसते की चुका शंभर असल्या तरी जाती पाच-सहाच आहेत. कोणी अनुस्वार गाळतो आणि ‘लोकाना’ लिहितो, कोणी ‘त्या मुळे’ तोडून लिहितो, कोणाचे ‘आणि’ नेहमी ‘आणी’ होते. पहिल्या जातीसाठी वाळंबे उघडावे, दुसरीसाठी वेळ लावून सराव करावा, तिसरीसाठी ती जोड्यांची वही ठेवावी. तीन आजारांवर एकच औषध देत राहिलो, हीच आजवरची चूक आहे.

स्वतःचे लिखाण तपासणे अवघड असते, ही केवळ समजूत नाही. डेनमन आणि स्टेन्टन यांच्या १९९३मधल्या अभ्यासात माणसांना दुसऱ्याच्या मजकुरातल्या चुका जितक्या सापडल्या, तितक्या स्वतःच्या मजकुरातल्या सापडल्या नाहीत. पुढचा शब्द आधीच माहीत असतो, म्हणून डोळा तो न पाहताच पुढे जातो. परीक्षागृहात मजकूर बाजूला ठेवून दोन दिवसांनी वाचायची सोय नाही. म्हणून वाचन दोन प्रकारचे करावे. पहिले कानाचे: ओठ न हलवता पण मनात पूर्ण उच्चार करत, वाक्यागणिक. यात ‘संख्या वाढत आहेत’ सापडते, सुटलेला शब्द सापडतो, अर्धवट वाक्य सापडते. दुसरे डोळ्याचे, आणि हे शेवटच्या ओळीपासून वर जात करावे, म्हणजे अर्थ ओढून नेत नाही. यात फक्त आपल्या यादीतल्या पाच-सहा जागा पाहायच्या: समासातले पहिले पद, प्रत्यय लागलेले इकार-उकाराचे शब्द, ‘-र्थ्यां’सारखी जोडाक्षरे, ‘त्यांनी’, ‘लोकांना’ यांवरचे टिंब. तीन तासांच्या पेपरात यासाठी दहा मिनिटे राखावी लागतील आणि ती शेवटी उरत नाहीत. म्हणून प्रत्येक मोठ्या उत्तरानंतर दोन-तीन मिनिटे तिथल्या तिथे काढणे बरे. आणि लिहिताना एखाद्या शब्दाची खात्री नसेल, तर तो बदलावा. ‘आशीर्वाद’ची वेलांटी आठवत नसेल, तर वाक्य ‘शुभेच्छां’वर भागते.

परीक्षकाच्या बाजूनेही काही व्हायला हवे. जोसेफ विल्यम्स या इंग्रजीच्या प्राध्यापकाने १९८१मध्ये चुकांवरच एक लेख लिहिला आणि त्यात मुद्दाम सुमारे शंभर चुका पेरल्या. शेवटी तसे कबूल केल्यावर वाचकांना कळले की त्यांतल्या बहुतेक आपल्याला दिसल्याच नव्हत्या. विद्वानाचा लेख आपण अर्थासाठी वाचतो आणि परीक्षार्थ्याचा निबंध चुकांसाठी, असे त्याचे म्हणणे. तपासणारा काय शोधतो हे आधी ठरलेले असावे, ते याचसाठी. इंग्रजीची ‘आयेल्ट्स’ परीक्षा लेखनाच्या चार कसोट्यांना सारखे, म्हणजे प्रत्येकी २५ टक्के वजन देते आणि व्याकरणाची विविधता व अचूकता ही त्यांतली एक. सात बँड मिळवायला निर्दोष वाक्ये वारंवार दिसायला हवीत, आठ बँडला बहुसंख्य वाक्ये निर्दोष हवीत, असे वर्णन ती जाहीर करते. मराठीत उत्तर लिहिणाऱ्या उमेदवारालाही परीक्षेआधी इतके तरी सांगितले जावे: ‘मंत्रीमंडळ’ आणि ‘संख्या वाढत आहेत’ या चुका एकाच मापाने मोजल्या जातात का, एकच चूक दहा वेळा झाली तर ती एकदा धरली जाते की दहादा, सामान्य अध्ययनाच्या पेपरात भाषेचे गुण जातात की फक्त मराठीच्या, आणि ‘मी निर्णय घेतलो’ला परीक्षकांनी काय करायचे ठरवले आहे.